बुडून राहिला होता

दर्यापूरच्या बस स्टँडसमोर देवमन गणोरकरचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, वर टिनं, खाली दोन फळ्या आणि ओल्या बारदान्याखाली झाकलेला झेंडू, शेवंती, निशिगंध. फुलं घरच्याच वावरातली. माणूस मोठा बोलका. हार गुंफता गुंफता अकोल्याच्या बसला उशीर का झाला ते सांगील, जीपवाल्यांची फिरकी घेईल, नवरदेवाच्या बापाला वरून दोन शब्द ऐकवील. पण गावाशेजारच्या चंद्रभागा नदीचं नाव निघालं, किंवा मशिदीमागच्या गल्लीतली हलीमाबी रस्त्यानं दिसली, की हा एकदम फुलांत डोकं घालायचा. एकतीस वर्षं असंच चाललं होतं, आणि आमच्या गावातल्या लोकांना त्यात काही वावगं दिसलं नाही, हे आमच्या गावाचं कौतुक.

गोष्ट उदय युवक मंडळाची आहे. चौऱ्याहत्तर साली गावातल्या पोट्ट्यांनी काढलेलं मंडळ. वाचनालय, लेझीम, रक्तदान, विहिरीतला गाळ काढणं, सारं काही. मंडळात जात-धर्म नव्हता, असं मंडळवाले आजही छाती फुगवून सांगतात, आणि ते खोटंही नाही. मंडळात सगळ्यांत चांगला पोहणारा शफीक होता, हलीमाबीचा मोठा मुलगा. देवमनला पोहायला त्यानंच शिकवलं. दोघं एका वयाचे, एका सायकलवर डबलसीट हिंडणारे. मंडळ पुढं बंद पडलं, जशी सगळीच पडतात. वाचनालयाच्या खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

दोन हजार चोवीस साली मंडळाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा गीतांजलीच्या डोक्यात एक कल्पना आली. गीतांजली म्हणजे मंडळाचे जुने सचिव नत्थुजी यांची मुलगी. पुण्यात कम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. नत्थुजी वारल्यावर त्यांच्या पेटीत मंडळाचे अहवाल, सभांचं इतिवृत्त आणि फोटो निघाले. पोरीनं ते रद्दीत घातले नाहीत. तिनं इंटरनेटवर मंडळाचं विकी उघडलं. म्हणजे अशी जागा, की ज्याला जे आठवतं ते त्यानं लिहावं, दुसऱ्यानं त्यात भर घालावी, तिसऱ्यानं चूक दुरुस्त करावी, आणि सगळ्यांनी मिळून इतिहास उभा करावा. व्हाट्सॲपच्या ग्रुपवर तिनं हे टाकलं तर पहिले चार दिवस म्हातारे एकमेकांना विचारत होते की हा विक्की कोणाचा पोरगा? नाव मात्र तेच चिकटलं. ‘विक्कीवर टाकलं का?’ असंच सगळे म्हणू लागले.

विक्कीवर काय काय आलं! लेझीमच्या बक्षिसाचं साल कोणतं यावरून दोन म्हाताऱ्यांचं आठ दिवस वाजलं. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं खोडायचं. वाचनालयाला पहिलं कपाट कोणी दिलं याचे तीन दावेदार निघाले. सगळी गंमत चालली होती, आणि मग गीतांजलीनं ‘दिवंगत कार्यकर्ते’ असं एक पान उघडलं. त्यात शफीकचं नाव होतं. नावाखाली तिनं बापाच्या हस्ताक्षरातल्या अहवालातली ओळ जशीच्या तशी उतरवली होती: ‘मंडळाचे कार्यकर्ते नदीवर पोहोचण्यापूर्वीच शफीक बुडालेला होता. कार्यकर्त्यांनी त्याचा पुष्कळ शोध घेतला.’

देवमननं ती ओळ दुकानात बसल्या बसल्या मोबाइलवर वाचली. समोर एक बाई गजरा मागत होती, तिला त्यानं दोनदा विचारलं की काय पाहिजे. ती ओळ खोटी होती, आणि ती खोटी आहे हे जगात आता दोघांनाच माहीत होतं. एक हा, दुसरा मंडळाचा तेव्हाचा अध्यक्ष गोपाल. तिसरे नत्थुजी होते, ते गेले.

खरं काय झालं ते सांगून टाकतो, त्यात लपवण्यासारखं आता काही उरलं नाही. त्र्याण्णवच्या भाद्रपदात, गणपती झाल्यावर, मंडळाच्या सतरंज्या धुवायला चौघं नदीवर गेले होते. ही दरवर्षीची रीत. मोठ्या सतरंज्या, दोघांना मिळून पिळाव्या लागायच्या. नदीला वरून पाणी येत होतं. एक सतरंजी सुटली. गोपाल ओरडला, सतरंजी चालली, आणि शफीकनं हसत हसत उडी मारली. सतरंजी त्याच्या हाती लागली, पण भिजलेली सतरंजी म्हणजे काय वजन असतं ते ज्यानं उचलली त्यालाच माहीत. ती त्याच्या पायांना गुंडाळली गेली. काठावर तिघं होते. सतरंज्यांचा गठ्ठा बांधायचा दोर देवमनच्या हातात होता. शफीक ‘दोर टाक’ म्हणत होता. देवमनला वाटलं, दोर टाकला तर तो मलाही ओढून नेईल. त्याचे हात उठलेच नाहीत. गोपाल आणि नत्थुजीही खुंटासारखे उभे. शफीक वर आला, खाली गेला, परत वर आला. मग आला नाही.

आणि तिथंच, त्या काठावर, गोपालनं ठरवलं की आपण इथं नव्हतोच. त्या वर्षी दंगलींनी आधीच हवा खराब होती. मंडळाच्या सतरंजीपायी मुसलमानाचा पोरगा गेला आणि तीन हिंदू पोट्टे काठावर उभे होते, हे गावात कळलं तर काय होईल, असं तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. पण खरं सांगायचं तर तिघांनाही गावाची भीती कमी आणि स्वतःची लाज जास्त होती. नत्थुजींनी त्याच दिवशी अहवाल लिहिला. देवमन बाजूला बसून पाहत होता.

आता हलीमाबीचं ऐका. त्या दिवशी सकाळी मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तिला वाटत होतं, पोरानं अकोल्याला मामाच्या शिलाईच्या दुकानात कामाला लागावं. त्याला मंडळ सोडवत नव्हतं. रागाच्या भरात ती बोलून गेली, जा, तोंड काळं कर, मले पुन्हा दिसू नको. गल्लीनं ऐकलं. दुपारी पोरगा नदीत मेला, एकटा, कोणी सोबत नाही. दोन दिवसांनी प्रेत दूर खाली सापडलं तेव्हा पायांत सतरंजीही उरली नव्हती, आणि आईला चेहरा कोणी पाहू दिला नाही. आणि पोहण्यात तर पट्टीचा! मग गल्लीनं जे समजायचं ते समजून घेतलं. पोरानं जीव दिला. तोंडावर कोणी म्हटलं नाही, पण मयतीला आलेल्या एका नातेवाइकानं जनाज्याच्या नमाजावरूनच कुजबुज केली, आणि ती आईच्या कानावर गेली. त्यांच्यात जीव देणं हराम. आपल्या एका शब्दानं पोराची ही दुनियाही गेली आणि ती दुनियाही, हे मनात घेऊन ती बाई एकतीस वर्षं जगली. लग्नाकार्यात मेहंदी लावली नाही, ईदेला नवा कपडा अंगाला लावला नाही. ‘मीच म्हटलं त्याले,’ हे वाक्य गावातल्या निम्म्या बायांनी तिच्या तोंडून ऐकलंय. देवमननंही ऐकलंय, आणि मूग गिळून बसलाय.

तर आता बावन्न वर्षांचा देवमन, साखरेची गोळी घेणारा, पोरगी अमरावतीला कॉलेजात, बायको धार्मिक, आणि हातात हा मोबाइल. हलीमाबी शहात्तरच्या पुढची. तिची मुलगी इफ्फत उर्दू शाळेत शिक्षिका, तीही त्या ग्रुपवर आहे हे देवमनला माहीत होतं. इफ्फत आपल्या आईला विक्कीवरचं सगळं वाचून दाखवते, हेही माहीत होतं. म्हातारीच्या तोंडासमोर जाऊन बोलायची त्याच्यात धमक नव्हती. भित्रा माणूस तो, तेव्हाही आणि आताही. पण लिहिता येईल असं त्याला वाटलं. आपण लिहायचं, इफ्फत वाचील, आणि म्हातारीला मरायच्या आधी कळेल की तिच्या पोरानं जीव दिला नाही.

सहा दिवस तो लिहीत होता. गिऱ्हाईक नसलं की अंगठ्यानं एक एक अक्षर दाबायचा. पहिल्यांदा मोठं पानभर झालं, त्यात गोपाल, नत्थुजी, खराब हवा, सगळं आलं. वाचलं तर ते स्वतःला वाचवायचं लिहिल्यासारखं वाटलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी दोन ओळी उरल्या. नत्थुजींची ओळ त्यानं काढून टाकली आणि तिच्या जागी, जशी बोलतो तशी, लिहिलं:

‘शफीक बुडून राहिला होता. आमी काठावर होतो अन् पाहून राहिलो होतो. देवमन गणोरकर.’

आणि बटण दाबलं.

तासाभरात गोपालचा फोन. गोपाल आता अमरावतीला असतो, बांधकामाचे ठेके घेतो, सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमाचा स्वागताध्यक्ष तोच. आवाज चिरका झालेला. म्हणाला, देवमन, काहून लेहलं तू हे, मले विचारलं तरी का? देवमन म्हणाला, लेहलं ते लेहलं. गोपालनं बायकापोरं काढली, मंडळाचं नाव काढलं, मेलेल्या नत्थुजींची अब्रू काढली. देवमननं फोन ठेवून दिला. त्याला वाटलं, चला, गोपालला बरोबर समजलं, म्हणजे इफ्फतला समजेल. कित्येक वर्षांनी त्या दिवशी तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी गोपालचा पुन्हा फोन आला, आणि या वेळी तो चक्क हसत होता. ‘पोट्टीनं सुधरवून टाकलं बावा,’ म्हणाला. ‘मी तिले काईच सांगतलं नाई. तिनं सोताहूनच केलं.’

देवमननं पान उघडलं. त्याच्या ओळी नव्हत्या. तिथं लिहिलं होतं: ‘मंडळाचे कार्यकर्ते नदीवर पोहोचण्यापूर्वीच शफीक बुडालेला होता. कार्यकर्त्यांनी काठावर त्याचा पुष्कळ शोध घेतला. प्रत्यक्षदर्शी: देवमन गणोरकर.’ आणि विकीवर कोणी काय बदललं त्याची जी नोंद राहते, तिच्यात गीतांजलीनं लिहिलं होतं की बोलीतली वाक्यं प्रमाण मराठीत केली आणि मूळ अहवालाशी जुळवून घेतली.

हसावं की रडावं? आमच्या वऱ्हाडीत ‘बुडून राहिला होता’ म्हणजे बुडत होता, पण पोरगी लहानपणापासून पुण्यात मामाकडं वाढलेली. ‘बुडून राहिला होता’ वाचलं आणि तिच्या पुणेरी कानाला वाटलं, बुडाला आणि पाण्यातच राहिला. म्हणजे बुडालेला होता. ‘पाहून राहिलो’ म्हणजे शोधत राहिलो असणार, कारण बुडालेल्या माणसाला कोण पाहत उभं राहील? वरून बापाच्या अहवालातही तेच. तिनं अगदी मन लावून, आदरानं, शुद्ध केलं. आणि एकतीस वर्षं बिननावाचं पडलेलं खोटं आता देवमनच्या नावानं, त्याच्या साक्षीनं पक्कं झालं.

त्यानं गीतांजलीला फोन लावला. ती गोड बोलली, काका तुम्ही लिहिलंत याचा किती आनंद झाला, म्हणाली. देवमननं सांगितलं की माहं होतं तसं करून दे. ती म्हणाली, काका, अर्थ तर तोच ठेवलाय मी, बुडून राहिला म्हणजे बुडालाच ना?

‘नाई माय,’ देवमन म्हणाला. ‘बुडून राहिला म्हंजे जित्ता होता.’

मग ती हळू म्हणाली, ‘पण अहवालात बाबांचं अक्षर आहे, काका.’

‘तुह्या बापानंच लेहलं. तोही काठावर होता. आमी तिघं होतो.’

पोरीचं काय चुकलं, सांगा. बाप जाऊन वर्ष झालं नव्हतं. ती रडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, एवढी मोठी गोष्ट एकाच्या सांगण्यावरून कशी बदलू, मी गोपालकाकांना विचारते. विचारलं. गोपाल म्हणाला, साखरेनं देवमनचं डोकं फिरलं आहे. तिनं पान बंद करून ठेवलं, काही ठरेपर्यंत कोणी हात लावू नये म्हणून. मात्र वाचायला ते सगळ्यांना उघडं होतं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर इफ्फत दुकानात आली. चाळिशीची बाई, शांत, भावाच्या वेळी दहा वर्षांची होती. फुलं घेतली नाहीत. म्हणाली, देवमनभाऊ, अम्मीनं विक्कीवरचं ऐकलं. तुमचं नाव ऐकून तिनं मला तीनदा वाचायला लावलं. तिला कुठंतरी आशा होती की कोणी तरी त्याच्यासोबत असेल, पाय घसरला असेल, काही तरी असेल. आता तुम्हीच डोळ्यांनी पाहिलेलं सांगताय, तर ती म्हणते, मग झालंच ते, लोक म्हणत होते ते खरंच होतं. कालपासून तिनं अन्न घेतलं नाही. ती तुम्हाला बोलवत नाहीये, मीच सांगायला आले, कारण ती एकच विचारते की त्याचा चेहरा कसा होता. तुम्ही शोधत होता ना.

देवमननं दुकान उघडंच टाकलं. शेजारच्या पानवाल्यालाही सांगितलं नाही. इफ्फतच्या मागं मागं मशिदीमागच्या गल्लीत गेला. एकतीस वर्षांत त्या दारात त्यानं पाय ठेवला नव्हता, आणि आधी तर तिथंच जेवायचा.

हलीमाबी खाटेवर बसली होती. अगदी वाळून गेलेली. त्याला पाहून पदर सावरला आणि बस म्हणाली. तो बसला नाही. बसला असता तर पुन्हा शब्द फुटला नसता.

‘चाची,’ तो म्हणाला, ‘मी लेहलं होतं ते त्याईनं बदलवलं. मी असं लेहलं होतं, शफीक बुडून राहिला होता, अन् आमी पाहून राहिलो होतो.’

म्हातारीला कोणी अर्थ सांगायची गरज पडली नाही. जन्म सगळा याच मातीत गेलेला.

‘जित्ता होता?’ हलीमाबीनं विचारलं.

‘होता.’

‘किती येळ?’

या प्रश्नाची देवमननं कधी तयारी केली नव्हती. गाव काय म्हणेल, पोलीस काय विचारतील, बायको काय म्हणेल, सगळ्याची उत्तरं त्यानं एकतीस वर्षांत मनात घोकली होती. याचं नव्हतं.

‘पाच मिनिटं,’ तो म्हणाला. ‘जास्तच असन.’

मग त्यानं सगळं सांगितलं. सतरंजी, उडी, पायांना पडलेला गुंडाळा. हसत गेला होता म्हणाला, रागात नव्हता, सकाळचं भांडण आम्हाला नक्कल करून दाखवत होता, अम्मी उद्या शिरखुर्मा करून मला मनवील म्हणत होता. दोर टाक म्हणत होता. हलीमाबीनं विचारलं, मग दोर नव्हता का? देवमन म्हणाला, माह्या हातातच होता.

मग दोन्ही हात वर करून तिनं पोरासाठी दुआ मागितली, ओठ हलत होते आणि डोळ्यांतलं पाणी गळ्यापर्यंत येत होतं. इफ्फतही रडत होती. देवमनला वाटलं, सुटली म्हातारी. आणि कुठं तरी, लाज वाटते सांगायला, त्याला वाटलं की आता आपणही सुटलो.

तिनं हात तोंडावरून फिरवले आणि त्याच्याकडं पाहिलं.

‘त्याचं पाच मिनिटाचं होतं,’ ती म्हणाली. ‘एकतीस वर्सं मी मरून राहिली होती, देवमन. तू रोज सामनून जात होता.’

एवढंच. ओरडली नाही, शाप दिला नाही, जा म्हणूनही म्हटलं नाही. त्याचं तोच गेला.

पुढचं थोडं आहे. त्या आठवड्यात इफ्फतनं गीतांजलीला फोन केला. दोघी काय बोलल्या ते कोणाला माहीत नाही, पण पान उघडलं गेलं. देवमनच्या दोन ओळी पुन्हा त्याच्या होत्या तशा आल्या, आणि त्यांच्याखाली हलीमाबीनं सांगितलेली आणि इफ्फतनं लिहून घेतलेली तिसरी: ‘माहा शफीक सतरंजी आनाले गेल्ता. त्यानं जीव देला नाई. त्याची अम्मी.’ गोपालनं तब्येतीचं कारण सांगून स्वागताध्यक्षपद सोडलं. कार्यक्रम झाला, छोटासाच. गावानं ते पान वाचलं, सगळ्यांनी वाचलं, आणि देवमनला कोणी एक शब्द विचारला नाही. गिऱ्हाईक येतं, हार घेतं, जातं.

त्या पानाखाली कोणालाही लिहिता येतं. हा भित्रा होता, ह्यानं मित्राला मारलं, ह्यानं एका आईला एकतीस वर्षं जाळलं, असं कोणी तरी लिहावं म्हणून देवमन रोज दुकान उघडल्याबरोबर आधी मोबाइल उघडतो. अजून कोणी काही लिहिलेलं नाही.